कचरा तोलायचा कुठे? प्लास्टिकच्या कायद्यांवर वाचकांचे प्रश्न

प्लास्टिक कचऱ्याच्या कायद्यांबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेल्या प्रश्नांची ही उत्तरं. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: एवढे कायदे झाले, तरी कचरा हटत का नाही? आमच्या मते याचं कारण अनेकदा कायद्यातल्या एखाद्या व्याख्येत किंवा वजनकाटा ठेवण्याच्या जागेत दडलेलं असतं. म्हणून उत्तरांत थोडी आकडेमोड आहे. ती टाळून हा विषय समजत नाही.

प्रश्न: पिशव्यांवर सरसकट बंदी घालावी की पैसे आकारावेत? कोणता उपाय खरोखर चालतो?

दोन्ही चालल्याची उदाहरणं आहेत, आणि दोन्ही फसल्याचीही.

पातळ पॉलिथिन पिशव्यांवर देशभर बंदी घालणारा पहिला देश बांगलादेश. साल २००२. १९८८ आणि १९९८च्या महापुरांत पिशव्यांनी गटारं तुंबली आणि पाणी ओसरायला वेळ लागला, हे त्यामागचं कारण. पण अंमलबजावणी ढिली पडली, तितकाच स्वस्त पर्याय बाजारात आला नाही, आणि पिशव्या परतल्या. केनियाने ऑगस्ट २०१७मध्ये फार कडक बंदी आणली: चार वर्षांपर्यंत कैद किंवा ४० लाख शिलिंगपर्यंत दंड. वापर झपाट्याने घटला, मात्र शेजारच्या देशांतून चोरटी आवक सुरू झाली. बंदी सीमेपुरती असते, पिशवीला सीमा नसते.

आयर्लंडने मार्च २००२मध्ये बंदी न घालता पिशवीमागे १५ सेंट आकार लावला. त्याआधी माणशी वर्षाला अंदाजे ३२८ पिशव्या लागत. त्या २१वर आल्या. या यशाचं श्रेय रकमेइतकंच कायद्यातल्या एका कलमाला जातं. आकार दुकानदाराने स्वतः सोसायचा नाही, तो पावतीवर वेगळा दाखवून गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा. पैसे दिसले की हात आखडतो. पुढे लोकांना १५ सेंटची सवय झाली, वापर हळूहळू चढू लागला, आणि २००७मध्ये आकार २२ सेंट करावा लागला. शुल्क एकदा ठरवून विसरून गेलं, तर महागाई त्याची धार बोथट करते.

व्याख्या चुकली की काय होतं, हे कॅलिफोर्नियात दिसलं. तिथल्या २०१४च्या कायद्याने पातळ पिशव्या बंद केल्या, पण २.२५ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे सुमारे ५७ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या पिशवीला ‘पुन्हा वापरता येणारी’ ठरवून किमान १० सेंटला विकायची मुभा दिली. लोकांनी ती जाड पिशवीही एकदाच वापरून टाकली. पिशव्यांची संख्या घटली, तरी कचऱ्यात जाणाऱ्या पिशव्यांचं वजन वाढलं. ही पळवाट बुजवायला २०२४मध्ये नवा कायदा करावा लागला.

आमचं मत विचाराल तर, जिथे मोजके दुकानदार आणि पक्की पावती आहे तिथे शुल्क. जिथे लाखो छोटे विक्रेते आणि रोखीचा व्यवहार आहे तिथे बंदी. पण ती बंदी कारखान्याच्या दारात राबवायची. हातगाडीवरच्या विक्रेत्याला पकडून ती टिकत नाही.

प्रश्न: भारतात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅग चालत नाही. पण १२० मायक्रॉन आहे की नाही हे उपकरणाशिवाय कसं ओळखायचं?

हाताला लागणाऱ्या जाडपणावर विसंबू नका. कडक हाय-डेन्सिटी पिशवी जाड वाटते आणि मऊ लो-डेन्सिटी पिशवी पातळ वाटते. तोलून बघणं हाच घरगुती मार्ग.

एक ग्रॅमपर्यंत अचूक असलेला स्वयंपाकघरातला काटा आणि पट्टी घ्या. पिशवी सपाट पसरून लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा, दोन्ही बाजूंचं क्षेत्रफळ काढा. बाजूला आत दुमडलेल्या घड्या असतील तर त्या उलगडून मोजा. हे विसरलं की पिशवी आहे त्यापेक्षा जाड ठरते. मग वजनाला १०,०००ने गुणा आणि क्षेत्रफळ गुणिले घनतेने भागा. पॉलिथिनची घनता ०.९२ धरा. उत्तर मायक्रॉनमध्ये येईल.

उदाहरणार्थ, ३० बाय ४० सेंटिमीटरची साधी पिशवी: दोन्ही बाजू मिळून २,४०० चौरस सेंटिमीटर. ती १२० मायक्रॉनची असेल तर वजन साधारण २६.५ ग्रॅम भरायला हवं. ७५ मायक्रॉनची असेल तर साडेसोळा, ५० मायक्रॉनची असेल तर ११ ग्रॅम. एवढा फरक साध्या काट्यावरही लपत नाही. पिशवी फारच हलकी असेल तर एकसारख्या दहा एकदम तोला आणि दहाने भागा.

यात एक फसगत आहे. काही पिशव्यांत खडूची भुकटी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, मिसळलेलं असतं. त्याची घनता २.७ असल्याने पिशवी पातळ असूनही वजनाला भरते. वजनाने २० टक्के भुकटी असेल, तर वरच्या सूत्राने १२० येणारी पिशवी प्रत्यक्षात १०४ मायक्रॉनची निघते. तपासणी सोपी आहे: पिशवीचा छोटा तुकडा पाण्यात बुडवा, साबणाचा एक थेंब घाला आणि चिकटलेले बुडबुडे बोटाने पुसून सोडून द्या. निव्वळ पॉलिथिन वर येतं. तुकडा तळाशी गेला तर त्यात भर आहे.

मायक्रोमीटर मिळाला तर शिवणीपासून दूर, निदान दहा ठिकाणी मोजून सरासरी काढा. फुगवून काढलेल्या फिल्मची जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे एका ठिकाणच्या मापावरून तक्रार करू नये. दहा पदर एकत्र मोजण्याची युक्तीही चालते, पण मधली हवा दाबून काढली नाही तर माप जास्त येतं.

ही अट टप्प्याटप्प्याने आली: २०१६च्या नियमांत ५० मायक्रॉन, ३० सप्टेंबर २०२१पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२पासून १२०. कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना जाडीची अट लागू नाही. जाडीमागचा विचार असा की जाड पिशवी महाग पडते म्हणून फुकट दिली जात नाही, वाऱ्याने उडत नाही, आणि तिचं वजन कचरावेचकाला वाकून उचलण्याइतकं असतं. हा विचार बरोबर आहे, पण पिशवी फुकट मिळत राहिली तर कॅलिफोर्नियासारखी गत व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न: डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात ५ आकडा आहे. म्हणजे त्याचा पुनर्वापर होतो ना?

नाही. तो आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो: १ पेट (पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक), २ हाय-डेन्सिटी पॉलिथिन, ३ पीव्हीसी, ४ लो-डेन्सिटी पॉलिथिन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरिन, ७ बाकी सगळं. अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८मध्ये ही पद्धत काढली. बाणांमुळे लोकांचा गैरसमज होतो म्हणून २०१३मध्ये मानकातला बाणांचा त्रिकोण काढून साधा भरीव त्रिकोण आणला गेला, पण जुन्या साच्यांतून बाण अजून उमटतात.

वस्तू प्रत्यक्षात परत वापरात येते की नाही, हे जातीइतकंच तिच्या घडणीवर ठरतं. पेटच्या पारदर्शक बाटलीला मागणी असते. त्याच पेटला पीव्हीसीचं आवरण चढवलं की ती बाटली सोबतच्या सगळ्या मालाला त्रास देते. पीव्हीसी आणि पेट दोन्ही पाण्यात बुडतात, म्हणून धुण्याच्या टाकीत वेगळे होत नाहीत. पेट वितळवायच्या तापमानाला पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि माल पिवळा पडतो. काळ्या डब्यांचं दुखणं वेगळं: वर्गीकरणाचं यंत्र परावर्तित अवरक्त प्रकाशावरून जात ओळखतं, आणि काजळीचा काळा रंग तो प्रकाश गिळून टाकतो. पट्ट्यावरून डबा तसाच पुढे जातो.

प्रश्न: ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी घरच्या खतपेटीत टाकली. आठ महिने झाले, तशीच आहे. फसवणूक झाली का?

तसं असेलच असं नाही. या शब्दामागची मानकं, म्हणजे युरोपचं ईएन १३४३२ किंवा आंतरराष्ट्रीय आयएसओ १७०८८, औद्योगिक कंपोस्टिंगसाठी आहेत. चाचणी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास होते. बारा आठवड्यांनी मालाचा ९० टक्के भाग दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे आणि सहा महिन्यांत ९० टक्के कार्बनचं विघटन झालं पाहिजे. घरच्या पेटीत ढीग लहान असतो, उष्णता टिकत नाही. त्यामुळे तीच पिशवी महिनोन्‌महिने राहू शकते. घरासाठीचं प्रमाणन वेगळं असतं, आणि ते असेल तर पिशवीवर तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

‘ऑक्सो-डिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी मात्र घेऊच नका. त्यात साध्या प्लास्टिकला तुकडे पाडणारं द्रव्य घातलेलं असतं. प्लास्टिक नाहीसं न होता बारीक होत जातं. युरोपीय संघाने ३ जुलै २०२१पासून अशा मालावर बंदी घातली आहे. आणि कंपोस्ट होणारे कप पेटच्या बाटल्यांत मिसळू नका. त्यातलं पीएलए, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं प्लास्टिक, पेटसारखंच पाण्यात बुडतं, पण फार कमी तापमानाला वितळतं. त्यामुळे वाळवणयंत्रात चिकट गोळे होतात आणि काम थांबतं.

प्रश्न: कंपन्यांवर ‘उत्पादकांची विस्तारित जबाबदारी’ टाकली आहे म्हणतात. ही जबाबदारी कागदावरच राहत नाही कशावरून?

या पत्रमालेतला हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

ही कल्पना थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९०मध्ये स्वीडनच्या पर्यावरण मंत्रालयासाठी केलेल्या अहवालात मांडली: जो माल बाजारात आणतो त्यानेच तो कचरा झाल्यावरचा खर्च उचलावा. जर्मनीने १९९१च्या वेष्टन अध्यादेशात ती उतरवली. भारतात फेब्रुवारी २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांनी वेष्टनांचे चार गट केले: कडक, लवचिक, प्लास्टिकसोबत दुसऱ्या पदार्थाचा थर असलेलं बहुस्तरीय, आणि कंपोस्ट होणारं. कडक गटासाठी पुनर्प्रक्रियेचं किमान लक्ष्य २०२४-२५ला ५० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ला ८० टक्क्यांवर जातं. लवचिक आणि बहुस्तरीय गटांसाठी ३०वरून ६०वर. कंपनी स्वतः कचरा गोळा करतेच असं नाही. नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याने केलेल्या कामाची प्रमाणपत्रं ती विकत घेते.

म्हणजे सगळी भिस्त त्या प्रमाणपत्रावर. ते खोटं कसं होतं? पहिला प्रकार, कारखान्याची क्षमता वर्षाला दोन हजार टन आणि प्रमाणपत्रं पाच हजार टनांची. दुसरा, एकच माल दोन नोंदींत. तिसरा जास्त सूक्ष्म आहे: फाटकावर आलेलं सगळं वजन ‘पुनर्प्रक्रिया झालेलं’ म्हणून मांडायचं.

हा तिसरा प्रकार समजण्यापुरते आकडे घेऊन पाहू. बाटल्यांचा १,००० किलोचा गठ्ठा आला. त्यात ८० किलो ओलावा आणि माती, १२० किलो झाकणं आणि लेबलं, ६० किलो भलत्याच जातीचं प्लास्टिक, ४० किलो धुताना-दळताना वाया गेलेली भुकटी. हातात आला ७०० किलो पेटचा चुरा, ज्याचा पुढे दाणा, म्हणजे नव्या वस्तूंचा कच्चा माल, होणार. फाटकावर तोललं तर १००० किलो, यंत्राच्या तोंडाशी तोललं तर ७००. कायद्यात कोणता काटा लिहिलाय यावर देशाची टक्केवारी ठरते. युरोपीय संघाने २०१९च्या निर्णयात हा काटा पुढे सरकवला: वर्गीकरण झालेलं प्लास्टिक दाणे पाडण्याच्या किंवा साच्याच्या यंत्रात शिरतं तिथे मोजायचं. आधी वर्गीकरण केंद्रातून बाहेर पडलेला माल धरला तरी चालत असे. त्यामुळे दोन देशांची टक्केवारी शेजारी ठेवण्याआधी मोजणीचं ठिकाण विचारावं. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार २०१९मध्ये जगात ३५ कोटी ३० लाख टन प्लास्टिक कचरा झाला आणि घट-तूट वजा करता त्यातल्या अवघ्या ९ टक्क्यांची पुनर्प्रक्रिया झाली. ‘घट-तूट वजा करता’ हे चार शब्द विसरू नका.

खरी तपासणी करायची तर तीन कागद एकमेकांशी ताडावे लागतात: आत आलेल्या मालाच्या वजनपावत्या, त्याच काळातलं विजेचं बिल, आणि विकलेल्या दाण्याची करपावती. प्लास्टिक वितळवायला वीज लागतेच. टन वाढले आणि युनिटं वाढली नाहीत, तर काम कागदावर झालेलं असतं. जोडीला टाकाऊ गाळाची नोंद मागावी. ज्या कारखान्यात घट शून्य दाखवली आहे, तिथला हिशेब खरा असू शकत नाही.

दुसरी गोष्ट, सिमेंटच्या भट्टीत जाळणं, रस्त्याच्या डांबरात घालणं किंवा तेल काढणं ही पुनर्प्रक्रिया नाही. भारतीय तत्त्वांत ती ‘अखेरची विल्हेवाट’ म्हणून वेगळी धरली आहे, आणि ज्यावर पुनर्प्रक्रिया होऊच शकत नाही अशा मालासाठीच ती आहे. कंपनीच्या अहवालात दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात असेल तर फोड मागा.

प्रश्न: बाटलीवर अनामत ठेवली आणि रिकामी दिली की परत, ही पद्धत जाहिरात करतात तितकी चांगली आहे का?

बाटल्या आणि डब्यांपुरती, हो. जर्मनीत एकदा वापरायच्या बाटलीवर २००३पासून अनामत आहे, सध्या २५ सेंट, आणि सुमारे ९८ टक्के बाटल्या परत येतात. माल एकजात आणि स्वच्छ मिळतो, म्हणून त्याची पुन्हा बाटली होऊ शकते.

कुठे बिघडतं ते लक्षात ठेवा. परतीचं यंत्र बारकोड, आकार आणि वजन वाचतं. बाटली चेपली किंवा लेबल काढलं की ते नाकारतं. जिथे अनामत नाही तिथे मात्र उलट करायचं: पाणी काढा, चेपा, झाकण परत लावा. सुटी झाकणं चाळणीतून गळतात. झाकणाचं प्लास्टिक पाण्यावर तरंगतं आणि पेट बुडतं, म्हणून कारखान्यात ते सहज वेगळं होतं. युरोपीय संघाने ३ जुलै २०२४पासून तीन लिटरपर्यंतच्या पेय-बाटल्यांची झाकणं बाटलीला जोडलेलीच ठेवायची सक्ती केली, ती याचसाठी की झाकण बाटलीसोबत परतावं.

रक्कम फार लहान ठेवणं ही नेहमीची चूक. ओरेगॉनचा १९७१चा कायदा अमेरिकेतला पहिला. त्यात ५ सेंट होते. परतीचा दर सलग दोन वर्षं ६४ टक्क्यांखाली गेला तर १० सेंट करायचे, अशी तरतूद पुढे घातली होती. तसंच झालं, २०१७मध्ये रक्कम दुप्पट झाली आणि दर पुन्हा चढला. अशी आपोआप वाढणारी तरतूद कायद्यात लिहून ठेवणं हे फार शहाणपणाचं आहे, कारण दर वेळी विधिमंडळात जाऊन रक्कम वाढवणं राजकीयदृष्ट्या अवघड असतं. न परतलेल्या अनामतीचे पैसे कोणाकडे राहतात, हेही विचारा. ते पेयकंपनीकडे राहत असतील, तर बाटली परत न येण्यातच तिचा फायदा.

प्रश्न: श्रीमंत देश आपला कचरा गरीब देशांत पाठवतात. हे बंद झालं का?

कमी झालं, बंद नाही. चीनने १ जानेवारी २०१८पासून घरगुती प्लास्टिक कचऱ्याची आयात थांबवली आणि तो ओघ आग्नेय आशियाकडे वळला. त्यानंतर घातक कचरा देशोदेशी पाठवण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या बाझल करारात २०१९मध्ये दुरुस्ती झाली, ती १ जानेवारी २०२१पासून लागू आहे. मिसळलेला किंवा घाण प्लास्टिक कचरा पाठवण्याआधी घेणाऱ्या देशाची लेखी संमती लागते. स्वच्छ, वर्गीकरण केलेला आणि पुनर्प्रक्रियेसाठीच जाणारा माल मोकळा आहे. ‘स्वच्छ’ म्हणजे किती टक्के, हे करारात आकड्याने लिहिलेलं नाही. वाद तिथेच होतात. युरोपीय संघ एक पाऊल पुढे गेला आहे: आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेबाहेरच्या देशांना प्लास्टिक कचरा पाठवण्यावर २१ नोव्हेंबर २०२६पासून त्याची बंदी आहे.

प्रश्न: कंपन्या आणि यंत्रं आली की कचरावेचकांचं काय?

कायद्यात त्यांचं नाव नसेल तर ते बाहेर फेकले जातात. कंपनीने नेमलेला ठेकेदार नेमका किमती माल, म्हणजे बाटल्या, उचलतो आणि वेचकाच्या वाट्याला कमाई नसलेली पाकिटं उरतात. ब्राझीलच्या २०१०च्या राष्ट्रीय घनकचरा कायद्यात वेचकांच्या सहकारी संस्थांना स्थान आहे. दक्षिण आफ्रिकेच्या विस्तारित जबाबदारीच्या नियमांत नोंदणीकृत वेचकांना गोळा केलेल्या मालाबद्दल सेवाशुल्क द्यायला सांगितलं आहे, आणि ते भंगाराच्या भावापेक्षा वेगळं असतं. हा भेद मोलाचा आहे. कच्च्या तेलाचा भाव पडला की नवं प्लास्टिक स्वस्त होतं, भंगाराला कोणी विचारत नाही, आणि त्या महिन्यात वेचकाची चूल त्या सेवाशुल्कावरच पेटते.

प्रश्न: जागतिक प्लास्टिक कराराचं घोडं कुठे अडलं? आणि आमच्यासारख्यांनी कायदा होताना काही म्हणायचं तर कसं?

मार्च २०२२मध्ये नैरोबीत संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत बंधनकारक करार करायचं ठरलं. बुसानमध्ये डिसेंबर २०२४च्या सुरुवातीला संपलेली फेरी आणि ऑगस्ट २०२५ची जिनिव्हाची फेरी, दोन्ही मजकुरावर एकमत न होता संपल्या. मुख्य भांडण असं की उत्पादनावरच मर्यादा घालायची की फक्त कचऱ्याची व्यवस्था बघायची. शिवाय घातक रसायनं, पैसा कोण देणार, आणि एकमत झालं नाही तर मतदान घ्यायचं की नाही, यावरही मतभेद आहेत.

दुसऱ्या भागाचं उत्तर तुमच्या हातातलं आहे. भारतात पर्यावरणविषयक नियमांचा मसुदा राजपत्रात आला की हरकती-सूचनांसाठी साधारणपणे साठ दिवस मिळतात. इतर अनेक देशांतही अशी मुदत असते. भावना व्यक्त करणारं पत्र फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. त्याऐवजी कलमाचा क्रमांक लिहा, त्यातले अडचणीचे शब्द जसेच्या तसे उतरवा, आणि खाली तुम्हाला हवे ते शब्द लिहा. उदाहरणार्थ, ‘पुनर्प्रक्रिया केलेला कचरा’ या शब्दांच्या जागी ‘पुनर्प्रक्रिया यंत्रात प्रत्यक्ष घातलेला, ओलावा आणि इतर पदार्थ वजा केलेला कचरा’. सोबत मोजमाप जोडा: किती पिशव्या तोलल्या, आकार किती, वजन किती. एका पत्रात एकच कलम घ्या, आणि ते मुदतीच्या आधी पोचेल असं पाठवा.